उंबराची पानगळ

माघ महिना लागला म्हणजे वऱ्हाडातील शिवाराचा रंग पालटतो. कापसाची वेचणी सरत आलेली असते, पऱ्हाट्या उभ्या सुकत असतात, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, आणि ओढ्याच्या काठचा उंबर हळूहळू पिवळा पडू लागतो. वारा नसतानाही एखादे पान फांदीवरून सुटते, दोन गिरक्या घेते आणि पाण्यावर येऊन बसते. असे पान पाहून मनात त्यागाचा विचार यावा, हे साहजिक आहे. आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ उपदेशकांनी ह्या पानगळीचा दाखला दिला आहे. आम्हीही तो अनेक वेळा दिला आहे. झाड आपली पाने सोडते, कुरकुर करीत नाही, आणि देव त्यास पुन्हा पालवी देतो. तद्वत् मनुष्यानेही गेलेल्याचा शोक करीत बसू नये, असा तो दाखला.

तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा दाखला भलत्या घरात दिला असता त्याचा अन्याय होतो. हे आम्हांस कोणा ग्रंथाने नव्हे, तर एका अक्षरशत्रू म्हातारीने शिकविले. ती हकीकत पुढे येईल. आज वाचकांपुढे प्रश्न ठेवावयाचा तो हा: मनुष्याच्या हातून वस्तू जाते, ती किती प्रकारांनी जाते? आणि त्या सर्व प्रकारांस आपण एकाच नावाने, म्हणजे ‘त्याग’ ह्या नावाने संबोधावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ते झाड नीट ओळखून घेणे बरे; कारण ज्याचा दाखला द्यावयाचा ते आपण पाहिलेले तरी असावे.

लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात जकातदारांचा मुख्य जक्कय ज्या झाडावर चढला, त्यास आपल्या मराठी शास्त्रात उंबराचे झाड म्हटले आहे. आमोस संदेष्टाही आपण संदेष्ट्याच्या घराण्यातले नसून गुरे राखणारे व उंबरांची निगा करणारे आहोत, असे सांगतो. यरीहोचा तो उंबर आणि आपल्या ओढ्यावरचा उंबर हे अगदी एकच नव्हेत. तथापि भाऊ म्हणता येतील इतके ते जवळचे आहेत. दोघांचेही फळ अंजिरासारखे, दोघांच्याही अंगात पांढरा चीक, दोघांनाही पाण्याची ओढ, आणि दोघांनाही फळे धरतात ती जुन्या, जाड फांद्यांना व खोडाला. पॅलेस्टाइनच्या तळवटीत हे झाड इतके विपुल होते की शलमोनाच्या संपत्तीचे वर्णन करिताना, त्याने गंधसरू उंबरांइतके स्वस्त केले, अशा अर्थाचे बोल राजांच्या पहिल्या पुस्तकात आले आहेत. म्हणजे उंबर हे राजवाड्याचे झाड नव्हे. ते गरिबाच्या शिवारातले झाड होय.

इंग्रजी शिकलेल्या आमच्या तरुणांचा येथे थोडा घोटाळा होतो. त्यांच्या इंग्रजी शास्त्रात ह्या झाडास ‘सिकॅमोर’ असे नाव आढळते, आणि मग ते विलायती चित्रांतून सिकॅमोर शोधू लागतात. परंतु इंग्लंडात ज्यास सिकॅमोर म्हणतात तो मॅपलच्या जातीचा वृक्ष आहे, आणि अमेरिकेत ज्यास सिकॅमोर म्हणतात तो काश्मीरच्या चिनाराचा भाऊबंद आहे. ही दोन्ही झाडे थंडीपूर्वी पाने टाकतात व बर्फाचे दिवस उघड्या फांद्यांनी काढतात. जक्कयाच्या झाडाशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे. वऱ्हाडातील खेडुतास तेवढ्यासाठी विलायतेस जावयास नको. त्याने आपल्या ओढ्यावर जावे म्हणजे झाले.

आपल्या उंबरास वडासारख्या पारंब्या नसतात. पान लांबट, टोकाशी निमुळते, आणि पुष्कळदा त्यावर किड्यांनी केलेल्या फोडांसारख्या गाठी असतात. त्याची मुळे ओल शोधीत खोल जातात. म्हणून विहीर खणताना जुनी माणसे उंबर कोठे आहे ते आधी पाहत. झाडांवरून भूमीतील पाणी ओळखण्याची ही रीत फार प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. अकोला व अमरावती ह्या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोहों बाजूंस जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील लोकांस गोड्या पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको. उंबराचे लाकूड उन्हापावसात लवकर कुजते, पण पाण्याखाली टिकते. यास्तव पूर्वी ते विहिरीच्या बुडाशी घालीत असत. आपले कित्येक शेजारी ह्या झाडास औदुंबर म्हणून पूज्य मानतात व त्याखाली दत्ताचे स्थान करितात. थकलेल्या वाटसरूस मात्र ते कोणाचा धर्म विचारीत नाही.

आता त्याच्या पानांचा वर्षाचा क्रम पाहू. पावसाळाभर उंबर गर्द हिरवा असतो. थंडी सरता सरता पाने पिवळी पडून गळू लागतात. परंतु उंबर फार दिवस उघडा राहत नाही. एका फांदीवर पिकली पाने असतानाच दुसरीवर कोवळी, चकाकणारी पालवी फुटलेली दिसते. आणि उन्हाळा ऐन भरात येण्यापूर्वीच झाड पुन्हा सावली धरते. ओढ्याकाठच्या झाडाची वेळ व बरडावरच्या झाडाची वेळ सारखी नसते. मेळघाटच्या डोंगरात गेल्यास साग आणि पळस ह्यांची तऱ्हा निराळी दिसते. साग चैत्र-वैशाखात उघडाबोडका उभा असतो व पावसाची चाहूल लागल्यावर पालवतो. पळस तर पाने टाकून केवळ फुलांनी पेटलेला असतो.

हा भेद कशामुळे? पानांच्या वाटे झाडातील पाणी सारखे हवेत जात असते. जमीन कोरडी पडली म्हणजे जितकी पाने तितका खर्च. म्हणून ज्याची मुळे खोल ओलीस पोहोचत नाहीत ते झाड पाने टाकून स्वस्थ राहते, व पावसाची वाट पाहते. आणि ज्याच्या मुळाशी पाणी आहे ते लगेच नवी पालवी काढते. तेव्हा उंबर सागापेक्षा अधिक विश्वासू आहे असे कोणी समजू नये. उंबराच्या मुळाखाली ओढा आहे, सागाच्या नाही, एवढेच. मंडळीत एखादे कुटुंब संकटातून चार महिन्यांत उभे राहते, व दुसऱ्यास चार वर्षे लागतात. अशा वेळी पहिल्याचा दाखला दुसऱ्यास देण्यापूर्वी दोघांच्या मुळाशी काय आहे ते पाहावे.

पान गळते ते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. पान पिवळे पडते तेव्हा ते नुसते मरत नसते. त्यातील उपयुक्त सत्त्व, विशेषेकरून नत्र व स्फुरद, झाड आधी फांदीत परत ओढून घेते. पुष्कळ झाडांत पानातील नत्राचा सुमारे निम्मा भाग असा माघारी जातो. मग देठ जेथे फांदीस जोडलेला असतो तेथे एक नाजूक थर तयार होऊन जोड सैल पडतो, आणि त्याच्या आतल्या बाजूस बुचासारखे आवरण धरून ती जागा बंद होते. एवढी तयारी झाल्यावर वाऱ्याची झुळूकही पुरे. पान सुटते, व मागे कोरडा, मिटलेला व्रण राहतो. वर नमूद केलेल्या चिनाराच्या जातीत तर आणखी एक नवल आहे. त्याच्या देठाचे बूड पोकळ असते, आणि त्या पोकळीत पुढील वर्षाची कळी झाकलेली असते. जुने पान गळेपर्यंत ती कोणास दिसत नाही. म्हणजे जे पान जावयाचे तेच येणाऱ्याचे रक्षण करीत असते.

हे सर्व वाचले असता पानगळीचा दाखला किती सुंदर आहे असे वाटते. आम्हांसही तसेच वाटत होते. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यातच आम्ही अचलपुरापलीकडे गाविलगडच्या डोंगराखालील एका गावी गेलो होतो. तेथील मंडळीतील एक वृद्ध विधवा फार दुःखात आहे, तिचे समाधान करावे, असे तेथील बंधूंनी सांगितले. तिचे तीन एकर वावर गेले होते. नवऱ्याच्या दुखण्यात एका सावकाराकडून रक्कम घेतली. त्याने तारण म्हणून खरेदीखत करून घेतले, आणि पैसे फिटले की वावर परत लिहून देऊ, असा तोंडी शब्द दिला. नवरा वारला, सातबाऱ्यावर सावकाराचे नाव चढले, शब्द हवेत गेला. आम्ही तिच्या अंगणात बसलो. समोर ओढ्यावर उंबर होता, त्याची पाने गळत होती. आम्ही तोच दाखला दिला, आणि तो बरा सांगितला असेही आम्हांस वाटले.

म्हातारीने सर्व ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “मास्तर, गयेल पान अन् तोडेल पान एकच रायते काय?” आम्ही काही बोललो नाही. तेव्हा ती उठली, ओढ्याकडे गेली, आणि उंबराची एक खालची डहाळी वाकवून तिचे हिरवे पान तोडून आम्हांस दाखविले. डहाळीच्या जखमेतून पांढरा चीक टपटप गळत होता. “हे पाहा. गयेल पानाच्या जागी काही नसते. तोडलं का दूध वायते. माह्यं वावर गयलं नाही, तोडून नेलं.” एवढे बोलून तिने ते पान आमच्या हातात दिले. बोटांस लागलेला चीक घरी येईपर्यंत सुटला नाही.

त्या दिवसापासून आम्ही हा प्रश्न मनात घोळवीत आहो, आणि आम्हांस असे दिसते की वस्तू हातून जाण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. पहिला गळणे, दुसरा ओरबाडले जाणे, आणि तिसरा देणे. तिहींच्या शेवटी फांदी रिकामीच दिसते. म्हणूनच घोटाळा होतो. परंतु नीतीच्या दृष्टीने ह्या तिहींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

गळणे म्हणजे जे आपल्या उपयोगाचे राहिले नाही, किंवा जे धरून ठेवल्यास आपलेच मूळ सुकेल, ते वेळेवर सोडणे. हे शहाणपण आहे, आणि ते थोडे नव्हे. लग्नात ऋण काढून जेवणावळ घालण्याची हौस, भाऊबंदांत मोठेपणा मिरविण्याची चाल, मंडळीच्या पंचांत वर्षानुवर्षे एकाच जागी बसून राहण्याचा हट्ट, ही गळून पडण्याजोगी पाने आहेत. चिनाराच्या पानाप्रमाणे ज्याच्या आड नवी कळी वाढत आहे, त्याने ती मोठी होताच जागा मोकळी करावी, ह्यात त्याचा अपमान नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले व 1956 साली तेथेच देह ठेवलेले गाडगेबाबा गावोगाव झाडू घेऊन फिरत आणि लोकांस सांगत की ऋण काढून सण करू नका. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ मात्र एक गाडगे व फाटके वस्त्र ह्यांपलीकडे त्यांनी काही ठेविले नाही. ते आपल्या मंडळीतले नव्हते. परंतु कोणते पान केव्हा सोडावे हे त्यांच्याइतके स्पष्ट सांगणारा मनुष्य वऱ्हाडाने क्वचितच पाहिला असेल.

तथापि गळणे म्हणजे दान नव्हे, हेही लक्षात ठेवावे. झाड पान टाकते ते आधी त्यातील सत्त्व काढून घेऊन. ह्यात झाडाचे काही चुकत नाही. ती त्याची काटकसर आहे. पण आपण फाटके जुनेर कोणास दिले, विटलेले अन्न दारच्या भिकाऱ्यास वाढले, आणि त्यास दानधर्म म्हटले, तर ते गळलेले पान देऊन फळाचे पुण्य मागण्यासारखे होईल.

ओरबाडले जाणे म्हणजे दुसऱ्याने बळाने किंवा कपटाने हिरवे पान तोडणे. येथे जोड सैल झालेला नसतो, व्रण मिटलेला नसतो, सत्त्व माघारी गेलेले नसते. म्हणून चीक वाहतो. ह्या प्रकारात ज्याचे गेले त्याचा काही सद्गुण नाही, आणि त्याचा काही दोषही नाही. वऱ्हाडच्या इतिहासात अशी तोडलेली पाने पुष्कळ सापडतील. 1853 साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडील कापूस इंग्लंडास पोहोचेनासा झाला, तेव्हा आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसास सोन्याचा भाव आला; 1867 साली आगगाडी थेट नागपुरास गेली; जो तो कापूस पेरू लागला व भावाच्या भरवशावर ऋण काढू लागला. युद्ध संपले, भाव उतरला, ऋण मात्र राहिले. पुढे 1899-1900 चा भयंकर दुष्काळ आला. दुष्काळ आकाशातून येतो. परंतु दुष्काळात कोणाच्या नावावर कोणाची जमीन चढते, ते आकाशातून येत नाही. आजही ह्या दोन जिल्ह्यांत ऋणाखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी आपले प्राण दिल्याच्या बातम्या येतात. त्यांच्या घरी जाऊन पानगळीचे सौंदर्य सांगणारा उपदेशक, त्याचा हेतू कितीही चांगला असो, तोडणाऱ्याच्या बाजूने बोलत असतो.

नाबोथाची गोष्ट आठवावी. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला. नाबोथाने वडिलार्जित म्हणून दिला नाही. मग खोट्या साक्षी उभ्या करून त्यास मारिले व मळा घेतला. तेव्हा एलीया संदेष्टा कोठे गेला? नाबोथाच्या नातलगांस जगाची नश्वरता समजावण्यास तो गेला नाही. तो अहाबाकडे गेला, त्याच मळ्यात, आणि तेथे त्यास जाब विचारला.

आता तिसरा प्रकार, देणे. उंबराचे देणे त्याच्या पानांत नसून फळांत आहे. मुख्यत्वे चैत्रापासून आषाढापर्यंत, जेव्हा रानात दुसरे फारसे काही नसते, तेव्हा त्याच्या खोडास व जाड फांद्यांस फळांचे घोस लगडतात. काही फळे तर मुलाच्या हातास येतील इतकी खाली असतात. पाखरे, वानरे, वटवाघळे खातात; गुराखी पोरे खातात; कच्च्या फळांची भाजी होते; आणि दुष्काळात माणसांनी ह्याच फळांवर दिवस काढले आहेत. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधी दृष्टीस न पडणारी वस्तू, असे आपण म्हणतो. खरे पाहता फुले नसतात असे नव्हे. ज्यास आपण फळ म्हणतो त्याच्याच पोटात शेकडो बारीक फुले दडलेली असतात. एक चिलटाएवढी माशी फळाच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून आत शिरते, बरोबर पराग नेते, अंडी घालते, आणि बहुधा तेथेच मरते. तिच्या पिल्लांतील माद्या पुढे पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या फळाकडे उडतात. ज्यास लोक किडके फळ म्हणून नाक मुरडतात, ते त्या किड्यांवाचून बीजास येतच नाही. झाड आपले फूल मिरवीत नाही व फळ लपवीत नाही. देणाऱ्याने असेच असावे, ह्याहून अधिक आम्हांस सांगता येत नाही.

हे तीन प्रकार ध्यानात ठेवून जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचा. झाडावरून उतरल्यावर तो दोन गोष्टी बोलला, आणि आपण बहुधा त्या एकत्र करून टाकितो. आपल्या मिळकतीचा अर्धा भाग दरिद्र्यांस देतो, ही एक. कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करितो, ही दुसरी. पहिली गोष्ट देणे होय. दुसरी देणे नव्हे, ती फेड आहे. ज्यांची हिरवी पाने त्याने तोडली होती त्यांस तो दान करावयास निघाला नाही. त्यांचे त्यांस परत करावयास निघाला. एखादा सावकार गरिबाची जमीन ठेवून घेईल आणि मंदिरास घंटा देईल, किंवा देवळीस बाके देईल, तर त्याने जक्कयाचे पहिले वाक्य घेऊन दुसरे टाकून दिले असे होईल. आणि जी मंडळी ती बाके मुकाट्याने घेईल तिनेही काही चांगले केले असे म्हणवत नाही.

येथे एक विचारी वाचक आक्षेप घेईल. तो म्हणेल, “आमोस उंबरांची निगा करी म्हणजे काय करी? त्या देशात कच्च्या फळास चाकूने चीर देत, म्हणजे ते लवकर पिके व गोड होई. मग जखमेनेही मनुष्य पिकतो, असे का म्हणू नये?” आक्षेप बळकट आहे. चीर दिल्याने फळ पिकते हे खरे आहे. ग्रीक पंडित थिओफ्रास्टसनेही ते लिहून ठेविले आहे. जखमेतून फळात एक वायुरूप द्रव्य उत्पन्न होते व त्याने पिकण्यास चालना मिळते, असे आजचे शास्त्र सांगते. दुःखाने परिपक्व झालेली माणसेही आम्ही पाहिली आहेत. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. एक ही की आमोस ज्या झाडास चीर देई त्याची तो राखणही करी. फळास चीर देणारा हात व झाडाची पाने ओरबाडून नेणारा हात एक नव्हे. दुसरी ही की माझ्या दुःखाने मला पिकविले, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने दुःख भोगले त्याचाच आहे. ती म्हातारी उद्या असे म्हणाली तर आम्ही मान लववून ऐकू. आम्ही तिला तसे सांगणे हे मात्र उद्धटपणाचे होते, आणि त्याबद्दल आम्ही तिची क्षमा मागितली आहे.

तर मग उपदेशकाने काय करावे? आमची सूचना साधी आहे. शोक करणाऱ्या घरात पाऊल टाकल्यावर प्रथम विचारावे की, हे पान गळले की तोडले? आजाराने, वार्धक्याने, काळाच्या ओघाने जे गेले त्यासाठी धीराचा शब्द, प्रार्थना व सोबत हीच योग्य. पण जे कोणी नेले असेल ते कसे परत येईल हे आधी पाहावे. ह्या कामी कायदाही साह्य करितो. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, 2014 ह्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारात विक्री, गहाण अथवा अन्य रूपाने 15 वर्षांच्या आत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून ऋणकोस जिल्हा निबंधकाकडे अर्ज करिता येतो. खरेदीखत झाले म्हणजे सर्व संपले, असे पुष्कळ गरीब समजतात, तसे नाही. उपदेशकास लिहितावाचता येते. त्याने सातबाऱ्याचा उतारा काढावा, साक्षीदारांची नावे टिपावी, आणि अर्ज लिहून द्यावा. असा अर्ज लिहिणे हेही सेवेचेच काम आहे, मग त्यात एकही वचन न का असेना.

आणि ज्यांच्या घरी पाने भरपूर आहेत अशा आम्हां सर्वांसाठी निराळा प्रश्न आहे. आपल्यापाशी जे आहे त्यातले किती आपल्याच डहाळीवर उगवले, आणि किती दुसऱ्याच्या डहाळीवरून आले? मजुरीत राखलेले चार आणे, मापात मारलेली मूठ, बांध कोरून घेतलेले हातभर शेत, बहिणीच्या हिश्श्याची वाटणी, ही सर्व तोडून आणलेली पाने होत. त्यांचे दान करिता येत नाही. ती परत करावी लागतात. तेवढे केल्यावर जे उरेल त्यातून फळ द्यावे.

त्या म्हातारीचा अर्ज आम्हीच लिहून दिला. त्याचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. मध्यंतरी चैत्रात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो होतो. उंबर पालवला होता, आणि खोडावर हिरव्या फळांचे घोस धरले होते. तिने पदरात घालून मूठभर आणली व भाजीसाठी चिरावयास बसली. त्या तोडलेल्या डहाळीविषयी आम्ही विचारले, तेव्हा तिने विळी न थांबवता हाताने दाखविले. शेजारच्या डोळ्यातून नवा कोंभ निघाला होता, परंतु जुन्या जखमेचा काळा डाग तेथेच होता. तिने आम्हांस त्याविषयी काही सांगितले नाही, आणि आम्हीही त्याचा दाखला केला नाही. अर्जाच्या तारखेस तिच्याबरोबर अमरावतीस कोणी जावे, एवढे ठरवून आम्ही निघालो.